मागून भेटणारा देव

"चपला हितंच काढा बाई, आन् पुढनं येऊ नगा. हा देव मागनं भेटतो."

बंगल्याचे माळी हैबती गोळे, म्हणजे सगळ्यांचे तात्या, यांनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या एका हातात मोजायची टेप होती आणि दुसऱ्या हातात नकाशाची गुंडाळी. मी जन्मापासून वाईची. घाटाघाटावरची देवळं मला माझ्या घरातल्या खोल्यांसारखी ठाऊक. दक्षिणेकडे तोंड केलेला देव पाहिला होता, नदीकडे पाठ फिरवून बसलेला पाहिला होता, वर्षातून एकदाच दार उघडणाराही पाहिला होता. पण ज्याच्याकडे पाठीमागून जायचं, असा देव मला आजवर भेटला नव्हता.

तरी सवयीने चपला काढल्या. करवंदीच्या जाळीला वळसा घालून तात्यांच्या मागोमाग गेले आणि हात जोडले. कमरेएवढा उभा दगड, त्याला शेंदूर, डोक्यावर ताजं जास्वंदीचं फूल. हात जोडलेले असतानाच माझी नजर दगडाच्या बुडाशी गेली. तिथपर्यंत शेंदूर पोचला नव्हता. दगडाला आठ पैलू होते, आणि ते कुणा पाथरवटाने माप घेऊन, सावकाश, छिन्नीने काढलेले होते.

असा आठ पैलूंचा दगड मी त्याच सकाळी एकदा पाहिला होता. बंगल्याच्या व्हरांड्यात, काचेच्या चौकटीतल्या पिवळ्या फोटोत.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. पाचगणीच्या खालच्या अंगाला, दरीच्या कडेशी एक जुनं दगडी घर आहे, हॉथॉर्न कॉटेज. कुणा इंग्रज डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेलं, नंतर मुंबईच्या पिरोजाबाई नावाच्या पारशी बाईंकडे आलेलं. गावातले लोक त्याला सरळ 'हातरुन' म्हणतात. पिरोजाबाई गेल्या, आणि त्यांच्या भाच्यांकडून ते पुण्याच्या सामंतांनी घेतलं. सामंत पंप बनवण्याचा कारखाना चालवायचे. माणूस सरळ, पण कामात बोट ठेवायला जागा नको अशा स्वभावाचा. घराला त्यांनी हात लावला नाही. बाग मात्र त्यांना पहिल्यासारखी हवी होती, डॉक्टरच्या बायकोने आखली होती तश्शी. त्यासाठी त्यांनी मला बोलावलं. मी अठरा वर्षं नगरपालिकेच्या उद्यान खात्यात काढून नुकती बाहेर पडले होते आणि जुन्या बागा लावून देण्याचं काम घेऊ लागले होते.

आधाराला दोनच गोष्टी. एक तो फोटो, त्यात वरची हिरवळ, गुलाबांचे गोल वाफे आणि मधोमध सूर्यघड्याळाचा दगडी खांब. दुसरा डॉक्टरच्या बायकोने हाताने काढलेला नकाशा. त्याचा खालचा तिसरा हिस्सा कसरीने खाल्ला होता. म्हणजे वरची बाग कशी होती ते कळत होतं, खालच्या टप्प्यावर काय होतं ते कसरीच्या पोटात गेलेलं.

आणि वरच्या बागेत सूर्यघड्याळाचा खांब नव्हता. तिथं नुसता चौथरा होता. खांब खालच्या टप्प्यावर शेंदूर लावून उभा होता.

संध्याकाळी मी सामंतांना फोन करून हे सांगितलं. खरं तर मी गंमत म्हणून सांगायला गेले होते. ते म्हणाले, "घारपुरेबाई, आमच्या पुण्याच्या एका प्लॉटवर असंच झालं होतं. आधी शेंदूर, मग वर पत्रा, मग घंटा, मग ट्रस्ट. तो प्लॉट अजून कोर्टात आहे."

मी म्हटलं, तात्या तसे वाटत नाहीत. ते म्हणाले, तसं कुणीच वाटत नसतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. "देव जुना असेल तर मी स्वतः त्याला घुमटी बांधून देईन. नवा असेल तर महिनाअखेर माळ्याने खोली रिकामी करायची. मला देवातलं कळत नाही, तुम्हाला कळतं. तुम्ही सांगाल ते."

फोन ठेवला तेव्हा समोर, बंगल्यामागच्या त्या खोलीत, तात्यांच्या पत्नी पारूबाई चूल पेटवत होत्या. गुडघे धरलेल्या, भिंतीला हात लावत लावत चालणाऱ्या. त्या दोघांनी त्या खोलीत चाळीस वर्षं काढली होती. गावात त्यांचं दुसरं घर नव्हतं, भाऊबंदांनी कधीच वाटून घेतलं होतं. हे सगळं पारूबाईंनीच मला दुपारी चहा देताना सांगितलं होतं. देवाचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी कपबशी उचलली आणि विसळायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी झाडं पाहायची सोडून माणूस पाहू लागले.

तात्यांना विचारलं, हा देव कुणाचा. म्हणाले, जागेवाला हाय. कधीपासूनचा? म्हणाले, आमच्या आज्यापासनं. आजोबांच्या वेळी तर हाच दगड वर चौथऱ्यावर होता, फोटो तसं सांगत होता. ते फुलं आणायला गेले तेवढ्यात मी मागच्या बाजूने दगडाशी गेले आणि नखाने शेंदूर खरवडला. आमच्या वाईच्या मारुतीच्या अंगावर शेंदराचा थर बोटभर जाड आहे. वर्षानुवर्षं तेल आणि शेंदूर चढला की त्याचं कवच होतं, नख तर सोडाच, खिळाही आत शिरत नाही. इथं एका खरवड्यात खालचा काळा दगड दिसला. फार तर वर्षाचा शेंदूर.

म्हणजे बंगला विकायचं ठरलं, त्याच सुमाराचा.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. देवाच्या पुढच्या बाजूला तात्यांनी घायपाताची रोपं गोल लावली होती, काटेरी, माणसाला अडवतील अशी. पहिल्या दिवशी मी त्या घेराची रुंदी मोजली होती, कारण मोजणं हे माझं कामच. अठरा फूट. दहा दिवसांनी मोजली तर बावीस. पुढची रोपं उपटून चार फूट पलीकडे लावलेली. माझ्या समोर जागा वाढत चालली होती. गवत कापणाऱ्या बायका त्या बाजूला वळल्या की तात्या लांबूनच हाका मारून त्यांना परत फिरवायचे, देव कडक हाय म्हणायचे. आणि स्वतःही पुढून कधी जात नसत. मागे उभं राहून लांब बांबूच्या टोकाने फूल डोक्यावर ठेवायचे. ज्याला देवाची भीती आहे तो वाकतो. हे तर नुसतं उरकणं होतं.

मी आखलेली पायवाट खालच्या टप्प्यावरून, बरोबर त्या घेरातून जात होती. ते त्यांना पटेना. रोज काहीतरी काढायचे. उतार हाय, पाणी साचंल, वरनं घ्या की बाई रस्ता, वरनं झ्याक दिसंल. चाळीस वर्षांत ज्या माणसाने पायवाटेबद्दल कुणाला चकार शब्द सुचवला नसेल, तो आता नकाशावर बोट ठेवून मला रस्ते शिकवत होता.

हे मला इतकं का लागलं, ते सांगायला हवं. दुसरा कुणी असता तर मी कधीच कळवून मोकळी झाले असते. पण तात्या टाळकरी होते.

त्याच आठवड्यात गावात भैरवनाथाच्या देवळात सप्ताह होता. मला कुठं कीर्तन आहे असं कळलं की घरी पाय ठरत नाही, तेव्हाही ठरत नसे. रोज काम आटपून मी देवळात जायची आणि बायकांत बसायची. पहिल्या दिवशी बुवांच्या मागच्या रांगेत तात्या उभे दिसले, धुवट सदरा, गळ्यात टाळ. आवाज असा की बुवांनी चरण सोडला की तो हातात झेलून घ्यावा आणि तिथंच ठेवावा, वर नाही, खाली नाही. दुसऱ्या दिवशी बागेत मी त्यांना तसं म्हटलं. ते लाजले. मग आम्ही दोघं कुदळ-फावडं बाजूला ठेवून अर्धा तास बुवांच्याच गोष्टी बोलत बसलो. कुठले बुवा पूर्वरंगात रेंगाळतात, कुणाला चाल सांभाळता येत नाही, कुणाचं ऐकून माणूस घरी जाताना गप्प होतो. माझ्या आयुष्यात इतक्या आपलेपणाने हे बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि तो माणूस माझ्याशी रोज खोटं बोलत होता.

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होतं. बुवांनी बाळकृष्णाने माती खाल्ल्याचा प्रसंग घेतला. यशोदेला संशय. ती विचारते, माती खाल्लीस? तो म्हणतो, नाही. ती म्हणते, तोंड उघड. बुवांनी तिथं हात वर करून सगळं देऊळ थांबवलं. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला टाळ आधीच थांबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मी मनात म्हटलं, रडा. रडल्यावर तरी खरं बोला.

प्रसाद घेताना मी शेजारच्या म्हाताऱ्या ठकूआजींना विचारलं. ऐंशीच्या पुढच्या, गावातल्या सगळ्यांत जुन्या. विचारलं, आजी, हातरुनात खालच्या अंगाला देव आहे तो कधीपासूनचा? आजी म्हणाल्या, "तितं कुटला आलाय देव? तितं आमी गवताला जायचू. द्येव-बिव कायबी नव्हतं." झालं. मला हवं होतं तेवढं मिळालं होतं. मी दुसरं काही विचारलं नाही.

दुपारी सामंतांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोटो, आठ पैलू, शेंदराचा थर, वाढता घेर, आजींचं बोलणं. सांगताना माझा आवाज नगरपालिकेत अहवाल वाचून दाखवायची तसा झाला होता. ते म्हणाले, बरं झालं वेळेत कळलं. गुरुवारी जेसीबी पाठवतो, खालचा टप्पा सपाट करून घ्या, खांब वर बसवा. माळ्याला मी फोन करून सांगतो. मग जरा थांबून म्हणाले, "वाईट वाटतंय हो. त्याच्या हातचे गुलाब चांगले होते."

तात्यांना निरोप मिळाला तो बुधवारी. त्या सकाळी ते बागेत माझ्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या प्रहरी मी व्हरांड्यात गुलाबांची यादी करत होते तेव्हा ते पायरीशी येऊन उभे राहिले. मग विचारलं, "बाई, त्या यंत्राचं वजन किती आसतं?"

मला वाटलं, आता हे काहीतरी नवीन काढणार. झाडांची मुळं दुखावतील, नाहीतर देव कोपेल. मी यादीवरून मान वर केली नाही. म्हटलं, "सात-आठ टन. तात्या, आता मला काही सांगू नका. मला जे कळायचं ते कळलंय."

ते म्हणाले, बरं. आणि गेले.

गुरुवारी आठ वाजता जेसीबी फाटकातून आत आला. चालवणारा इकबाल, महाबळेश्वरच्या रस्त्यावर काम करणारा, तोंडात सदा बडीशेप. खालच्या टप्प्याच्या तोंडाशी येऊन त्याने यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. शेंदूर लावलेल्या खांबापाशी, त्याच्या मागच्या बाजूला, तात्या मांडी घालून बसले होते. अंगावर सप्ताहातला धुवट सदरा. पलीकडे करवंदीच्या जाळीशी पारूबाई.

इकबाल माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, माझ्या हातून देवाला धक्का नको. मला याच गावात राहायचंय. आधी तुमच्यातल्या कुणीतरी नारळ-बिरळ फोडून त्यांना हलवा, मग मी करतो." मग हळूच म्हणाला, "आणि तो म्हातारा पण बघा. यंत्र आधी माझ्यावरनं न्या म्हणतोय."

मला राग आला. तो तात्यांच्या खोटेपणाचा होताच, पण त्याहून जास्त त्या सदऱ्याचा होता. तो सदरा त्यांनी या नाटकासाठी घालायला नको होता. मी स्वयंपाकघरातून नारळ आणला. म्हटलं, मी करते. देवाला सांगेन, तुला फसवून इथं उभं केलंय, तुझी क्षमा मागते, तुला तुझ्या जागी नेते. देवाधर्माचं मला कळतं असं सगळे म्हणतच होते.

चपला काढल्या आणि पुढून निघाले. मुद्दाम पुढून. दोन घायपातांच्या मधून साडीचा पदर सावरत आत शिरले.

"बाई, पुढनं नगा."

मी थांबले नाही.

तात्या उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. सप्ताहात चरण झेलायचे त्याच आवाजात, तसाच खाली ठेवत म्हणाले, "बाई, तितं देव न्हाय."

"ते मला माहीत आहे, तात्या," मी म्हटलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

"खाली हीर हाय."

पायाखालची जमीन भिजलेल्या गादीसारखी खाली गेली. आणि वर आली नाही.

"हलू नगा. खाली बसा, सावकाश. आता पोटावर पडा. हात लांब करा."

मी पन्नाशीची बाई, हातात नारळ, इकबालसमोर त्या गवतात पालथी पडले. कानाशी कुठंतरी खाली मातीचे बारीक खडे सुटल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज बऱ्याच वेळाने कुठंतरी पोचत होता. तात्या वळसा घालून माझ्या पाठीशी आले, जितक्या जवळ येता येईल तितके. स्वतःही आडवे झाले आणि फुलं ठेवायचा तो लांब बांबू माझ्या अंगावरून पुढे सरकवला. म्हणाले, धरा, आन् मागं मागं या, गुडघे टेकू नगा. त्यांचे पाय इकबालने धरले होते. मी किती वेळाने बाहेर आले मला माहीत नाही. आले तेव्हा पारूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या केसांतली माती वेचू लागल्या.

इकबालने दोन हातांत मावेल असा एक दगड उचलला आणि मी जिथं होते तिथं फेकला. जमिनीने तो गिळला. आधी ताटाएवढं भोक पडलं, मग भोवतीची माती आत ओघळत गेली आणि गाडीच्या चाकाएवढं झालं. मग खालून आवाज आला. पाण्याचा. भरलेल्या, खोल, गार पाण्याचा.

तात्यांनी हात जोडले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच वाकलेलं पाहिलं.

मग ते बोलले. आमच्यापैकी कुणी काही विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी पिरोजाबाईंचा कुत्रा त्या विहिरीत पडून मेला. बाईंनी ती बुजवायला सांगितली. पंचवीस गाड्या दगड आणून दिले आणि मुंबईला निघून गेल्या. तात्या तेव्हा नुकते लग्न होऊन कामाला लागलेले. विहीर दहा फूट रुंद, पन्नास हात खोल, उन्हाळ्यातही न आटणारी.

"म्या पयला दगड उचलला," तात्या म्हणाले, "आन् काठावर गेलो. खाली बगितलं तर पानी हलत हुतं. जित्या पान्याच्या तोंडात दगड कसा घालावा बाई? आमच्यात हीर बुजवत न्हाईत. बुजवली तर वंशाला पानी मिळत न्हाय म्हंत्यात."

म्हणून त्यांनी जांभळीचे वासे आडवे टाकले, वर फरशा घातल्या, वर माती, वर गवत. पंचवीस गाड्या दगडांचा दरीकडचा बांध घातला. पिरोजाबाई परत आल्यावर सांगितलं, बुजवली. त्या म्हणाल्या, शाबास. नंतर एकदा खोटं सांगून झाल्यावर खरं सांगायची वेळ कधी आलीच नाही. जांभूळ पाण्यात टिकतं, पण ओल आणि ऊन आलटून पालटून लागलं की तेही हार खातं. गेल्या वर्षी एका कालवडीचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पिरोजाबाई तेव्हा अंथरुणावर होत्या, बंगला विकायची बोलणी चालली होती. सांगितलं तर चाळीस वर्षांचं खोटं उघडं पडणार आणि खोली जाणार. नवराबायकोने मिळून पहारीने तो खांब कलंडवत कलंडवत खाली आणला आणि विहिरीच्या मागच्या पक्क्या काठावर उभा केला.

"पाटी लावली आसती तर कुनी वाचली आसती?" तात्यांनी विचारलं. "शेंदूर लावला की मानूस आपसूक बाजूनं जातो. भोवतीची जमीन फाटत चालली तसा म्या काटा मागं घेतला."

इकबाल जेसीबीच्या पायरीवर बसला होता. त्याने बडीशेप थुंकली आणि यंत्र किती फूट पुढे आलं असतं ते नजरेने मोजलं.

मी तात्यांना विचारलं, काल पायरीशी तुम्ही हेच सांगायला आला होतात का. ते म्हणाले, व्हय. आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "आता मालकास्नी खरं त्ये सांगा. झाकू नगा काय."

संध्याकाळी ठकूआजींना कुणीतरी बातमी दिली असावी. त्या काठी टेकत फाटकापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "हीर हुती की तितं. लई ग्वाड पानी. तुमी देवाचं इचारलंत, हिरीचं कुटं इचारलंत?"

सामंतांना मी फोनवर सगळं सांगितलं. याही वेळी काही वगळलं नाही. मी पुढून मुद्दाम गेले ते, आणि आदल्या दिवशी तात्यांचं ऐकून घेतलं नाही तेही. ते रविवारी आले. येताना नगरपालिकेच्या इंजिनिअरला घेऊन आले. तोवर आम्ही घेराभोवती दोर बांधला होता आणि कुजके वासे मागून एकेक ओढून काढले होते. विहीर पूर्ण उघडी झाली होती. काळ्या घडीव दगडाची, गोल, आत कपारींत नेचे उगवलेले. डॉक्टरच्या बायकोच्या नकाशाचा कसरीने खाल्लेला भाग तो हाच.

सामंत काठाशी उभे राहून बराच वेळ आत पाहत होते. मग तात्यांकडे वळले. तात्या मागे पारूबाईंजवळ उभे होते, दोघांचं बोचकं बांधून खोलीच्या दाराशी ठेवलेलं मला दिसत होतं.

सामंत म्हणाले, "तुम्ही त्या बाईंना चाळीस वर्षं फसवलंत. मला घर घेतल्यापासून. वर देव मध्ये घातलात. कसं ठेवायचं तुम्हाला?"

"नगा ठिवू," तात्या म्हणाले.

सामंतांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं ते काय विचारणार. मी म्हटलं, "मागच्या वेळी मी सांगितलं आणि चुकलं. जेसीबी मीच आणवला, त्यावर एक माणूस बसलेला होता. आता मला विचारू नका. त्यांना विचारा."

सामंत जरा त्रासूनच म्हणाले, बरं, मग तुम्हीच सांगा गोळे, काय करू मी?

तात्या पुढे आले. मला वाटलं आता ते खोलीबद्दल बोलतील, निदान पावसाळ्यापुरतं राहू द्या म्हणतील. पारूबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाशी धरला. तात्या काठाशी वाकून खाली पाहत म्हणाले, "कठडा बांधा, छातीइतका. आन् वर रहाट पायजे सायेब. वाकून पानी काढाय लागलं तर कुनीतरी पडंल."

"दोर किती लागेल?"

"उन्हाळ्यात पंचेचाळीस हात," तात्या लगेच म्हणाले. "आत्ता चाळीस पुरंल."

सामंतांनी खिशातून पेन काढलं. इंजिनिअरकडून कागद घेतला, तो गुडघ्यावर ठेवला आणि लिहून घेतलं. मग विचारलं, सुती की नायलॉन. तात्या म्हणाले, सुती, हाताला बरा. तेही लिहून घेतलं. रहाटाचं चाक लाकडी की लोखंडी, यावर दोघं काठाशी उभे राहून इतका वेळ बोलत होते की इंजिनिअर कंटाळून गाडीत जाऊन बसला.

पारूबाई भिंतीला हात लावत खोलीकडे गेल्या. दाराशी थांबल्या, बोचक्याची गाठ सोडली आणि आतलं चहाचं पातेलं बाहेर काढलं.